कर्लीच्या खाडीतल्या फ्लाय फिशिंगबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत, की तीन दिवसांत एकच मासा लागला, तोही आमच्या माणसाने तुम्हाला न विचारता पाण्यात सोडला. पहिल्याच संध्याकाळी बोट दीड तास चिखलात रुतली. आणि गाइड तोंडच उघडत नाही. मी ते दोनदा वाचलं, तुमचे गाइड असलेल्या काकांनाही वाचून दाखवलं.

बोटीचं आधी सांगतो. चूक आमची. त्या दिवशी अमावस्या होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथे पोरासोरांनाही येतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पुरती सुकती, म्हणजे ओहोटी. उधाणात पाणी जेवढं चढतं तेवढंच खालीही जातं, म्हणून त्या आतल्या फाट्यातून चारलाच बाहेर पडायला हवं होतं. तुमच्या मुलाला अजून थोडं थांबायचं होतं, आणि काकांना फोनवर ‘थांबा’ म्हणणारा मी होतो. बायकामुलांसह तुम्हाला डासांत बसून राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या फेरीचे पूर्ण पैसे आज परत पाठवले आहेत.

त्याहून मोठी चूक बुकिंग घेतानाच झाली, जी तुम्ही लिहिलेली नाही. उधाणात खाडीला ओढ असते, पाणी मातकट होतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं खोटं भक्ष्य. त्याला वास नाही, माशाला ते दिसलं तरच तो येतो. कोळंबी लावून गरवायला बसलो असतो तर गोष्ट वेगळी होती. हे मला माहीत असूनही ‘आठवडाभराने, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा या’ असं मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सुट्टीत खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या. आता बुकिंगच्या मेसेजमध्येच तिथी आणि पाणी कसं असेल ते लिहितो.

पण मासा सोडल्याबद्दल माफी मागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती चढायला लागली होती, कांदळवनाच्या मुळांपाशी तुमचा गळ पडला आणि जिताडा लागला. वल्ह्यावरच्या खुणांनी मापला तर ९५ सेंटिमीटर. जिताडा लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. एवढ्या मापाचा मासा म्हणजे बहुतेक मादीच. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाकडे जाऊन लाखो अंडी घालते. जिताड्याची चव मलाही ठाऊक आहे, साहेब. तरी अशी एक मादी कालवणात गेली, तर खाडीचं किती जातं ते आम्ही इथे राहून बघतो. म्हणूनच गळाचा उलटा काटा आम्ही पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे गळ चटकन सुटतो.

काका तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. एक हात तिच्या पोटाखाली, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. कल्ले नीट उघडझाप करायला लागेपर्यंत त्यांनी तिला धरून ठेवलं, मग तिने शेपटी मारली आणि गेली. फोटो काढायचा राहिला म्हणून तुम्ही चिडलात, ते मी समजू शकतो. पाण्यातच धरून एक फोटो काढता आला असता, पुढे तसं करू. मोठा जिताडा सोडला जाईल हे मात्र निघण्याआधी स्पष्ट सांगायला हवं होतं. आमच्या जाहिरातीत मोठ्या जिताड्याचा फोटो आहे, त्याखालीही आता तसं लिहिलं आहे.

काका मुळात कमी बोलतात. ‘थंय’ म्हणून बोट दाखवतात, आणि बहुतेक वेळा तिथेच पाणी हललेलं असतं. लहानपणापासून गरी टाकत आलेला माणूस आहे तो. दुपारी तुमची दोरी डोक्यावर गुंतत होती ती समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे. फ्लायला स्वतःचं वजन नसतं, दोरीच्या वजनाने ती पुढे जाते, त्यामुळे समोरून वारा आला की मुरलेल्या हातालाही जड जातं. ते समजावून सांगायला मी बोटीवर असायला हवा होतो. यापुढे नवीन पाहुण्यांबरोबर पहिल्या दिवशी मी स्वतः जाणार आहे.

जेवणातल्या सुरमईबद्दलही तुम्ही लिहिलंत. ती मालवणच्या लिलावातलीच होती, खाडीतली आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही.

पुन्हा यायचं मनात आलं तर अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस बघा आणि आधी मला फोन करा. त्या वेळी बोटीचे पैसे घेणार नाही.