पोहरा मोठा की दोर अडकलेला?

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ठेवून दिलं. बरं झालं, ते जरा तिखट झालं असतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'सकाळी उठल्याउठल्या ठोके जितके कमी, तितकं हृदय दमदार' असं मी गेल्या लेखात बेधडक लिहून टाकलं होतं. दाखला विहिरीच्या पोहऱ्याचा: हृदय म्हणजे पोहरा, ठोके म्हणजे खेपा, पोहरा मोठा असला की कमी खेपांत भागतं. ताईंच्या वडिलांचे ठोके मिनिटाला ४४. रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारा माणूस, त्यामुळे घरात सगळ्यांना कौतुकच. एक दिवस ते देवघरात चक्कर येऊन पडले. ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला आणि पेसमेकर बसवावा लागला. 'सगळेच कविता राऊतसारखे धावपटू नसतात. आणि पोहऱ्याचा दाखला देताना हे विसरलात की दोर अडकला तरी खेपा कमीच होतात,' असं त्यांनी लिहिलंय. आणि शेवटी सल्ला: ठोके मोजायचा हा नादच सोडा.

दोराचं म्हणणं शंभर टक्के मान्य. नाद सोडायचं नाही.

आधी दोर. शरीराला स्वस्थ बसल्यावर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडत असेल तर सत्तरेक ठोके लागतात. वर्षानुवर्षं पळून पोहरा मोठा झाला, त्यात १०० मिलिलिटर मावू लागले, की पन्नासात भागतं. गणित बरोबर होतं, पण मी ते एकाच बाजूने मांडलं. दोर अडकतो तो असा: हार्ट ब्लॉकमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खाली पोचतच नाही, किंवा मधले मधले गळतात. मग खालचे कप्पे आपल्या संथ चालीने कसंबसं काम रेटतात. थायरॉईड मंदावलं तरी ठोके उतरतात. ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर उतरतातच. गोळीने आलेल्या ५६ वर स्वतःची पाठ थोपटून घेणारे दोघं माझ्याच सकाळच्या ग्रुपात आहेत. (नावं घेत नाही, ते हे वाचतात.)

ईसीजीशिवाय खात्री नाही, हे आधीच सांगतो. पण एक फरक घरातही लक्षात येतो. सरावाने उतरलेले ठोके गरज पडली की उसळी मारतात. असा माणूस पांडवलेणीच्या पायऱ्या चढला की पन्नासाचे सव्वाशे होतात आणि वर जाऊन बसला की भराभर खाली येतात. दोर अडकलेला असेल तर आकडा जेमतेम हलतो, आणि माणूस मात्र धापा टाकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. (ज्यांना चक्कर येते त्यांनी हा प्रयोग करायला पायऱ्यांवर जाऊ नये, सरळ डॉक्टर गाठावा.) 'दोन महिने झाले, ट्रॅकवर दम लागतो, वय झालं,' असं वडील म्हणत होते, हे तुम्हीच लिहिलंय. तो दम आणि हे ४४ एकत्र बघावं असं घरात कुणाला सुचलं नाही. असं न सुचायला माझ्यासारख्यांचे लेख कारणीभूत आहेत, हा तुमचा आरोप मी झटकत नाही.

आता नादाबद्दल. साडेपाचचा गजर झाला की मी अंथरुणातच पडून राहतो. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर दोन बोटं, उशाशी वडिलांचं जुनं एचएमटी घड्याळ, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका ठोक्याची चूक चारची होते. आकडा कालनिर्णयाच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली. मुलाने स्मार्टवॉच दिलंय, पण डिसेंबरात हात गारठले की त्याचा हिरवा दिवा वाटेल ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी याच चौकटींत ६२ चे ६६ झाले, मग ७०, तीन आठवड्यांत ७६. ताप नाही, खोकला नाही. बायको म्हणाली, चहा कमी करा. केला. आकडा तिथेच. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९ च्या खाली. गुडघ्यासाठी स्वतःच्या अकलेने महिनाभर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात आतल्या आत रक्त जात होतं. पोहरा तोच, पण पाणीच पातळ झालेलं, म्हणून खेपा वाढल्या. ६२ काय आणि ७६ काय, दोन्ही ६० ते १०० च्या 'नॉर्मल'मध्येच बसतात. त्यावर कुणी लाल शाई फिरवली नसती. मागच्या महिन्याचं पान समोर होतं म्हणून मला ते खटकलं.

अभ्यासांबद्दलही एक कबुली. कोपनहेगनचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी लेखात दिला होता: सुमारे २,८०० पुरुष, १६ वर्षं, ज्यांचे ठोके जास्त त्यांच्यात मृत्यू जास्त, फिटनेसचा हिशेब धरूनही. २०१४ सालची दुसरी बाजू द्यायची राहिली. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होणं) नसलेल्या १९ हजारांवर हृदयरुग्णांच्या चाचणीत इव्हाब्रॅडीन या औषधाने ठोके दहाएकाने खाली आणले, पण हृदयविकाराचे झटके किंवा त्यातले मृत्यू काही कमी झाले नाहीत. (हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हेच औषध उपयोगी पडतं, तो वेगळा विषय.) तेव्हा नुसता आकडा खाली ओढण्यात हशील नाही. माझे ७६ गोळीने ६२ करून मिळाले असते तर पोटातलं रक्त जातच राहिलं असतं.

आणि ताई, तुमच्या घरात तर आता मोजणं सुटायचं नाही. वडिलांना पेसमेकरचं कार्ड मिळालं असेल. किमान दर, म्हणजे ठोके ज्याच्या खाली पेसमेकर जाऊ देत नाही तो आकडा, किती लावलाय हे त्यावर नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पुष्कळांचा ६० असतो. नाडी वारंवार त्याच्या खाली लागू लागली, किंवा पुन्हा चक्कर आली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. वडिलांना बोटं ठेवून मोजायला शिकवा. पहिले दोन दिवस त्यांना सापडणार नाही, मलाही सापडत नव्हती.

मूळ लेखातलं 'जितके कमी तितकं' हे वाक्य आज काढलं. तिथे दोराचा दाखला घालतोय. तो तुमच्या नावासह टाकू की नावाशिवाय, तेवढं कळवा.