होम्स की टायसन? तो चौथा राउंड बाजूला ठेवून बोलू

परवा रात्री आमच्या जुन्या बॉक्सिंगवाल्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला: लॅरी होम्स आणि माइक टायसन हे दोन हेवीवेट जगज्जेते आपापल्या ऐन भरात भिडले असते, तर कोण जिंकलं असतं? आणि एकाने पुन्हा तोच व्हिडिओ टाकला. २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी, चौथा राउंड. लॅरी होम्स तीनदा खाली जातो, माइक टायसन उभा. व्हिडिओखाली दोनच शब्द: "विषय संपला."

नाही संपला. ग्रुपवर उत्तर टाइप करता करता अंगठा भरून आला, म्हणून इथे लिहितोय. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. मी टायसनचा माणूस. माझी उंची पाच फूट चार इंच, आणि बुटक्या बॉक्सरला टायसनशिवाय दुसरा देव नाही. १९८८च्या जूनमध्ये त्याने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तेव्हा मी नववीत होतो. पेपरातला फोटो कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. पुढे कॉलेजात ग्लोव्ह्ज घातले तेही त्याच्यामुळेच. तेव्हा खाली जे लिहितोय ते टायसनवरच्या रागातून नाही. जड मनानेच लिहितोय.

'काल्पनिक लढत' म्हटलं की आधी ठरवावं लागतं, कुठल्या रात्रीचा कोण. नाहीतर सगळा खेळ गोलमाल. होम्स घेऊ ११ जून १९८२चा, लास वेगासला सीझर्स पॅलेसच्या उघड्या रिंगमध्ये गेरी कूनीला तेराव्या राउंडमध्ये थांबवणारा. वय ३२. टायसन घेऊ २७ जून १९८८चा, स्पिंक्सवाल्या रात्रीचा. २२वा वाढदिवस तीन दिवसांवर, प्रशिक्षक केविन रूनी अजून कोपऱ्यात, ३५ लढती, ३५ विजय, त्यातले ३१ नॉकआउट. यापेक्षा चांगला टायसन कुणी दाखवला तर मी त्याच्या घरी भांडी घासेन.

आता गंमत बघा. त्या दोन रात्रींना होम्सचं वजन दोनशे साडेबारा पौंड म्हणजे २१२.५, आणि टायसनचं २१८.२५. बुटका माणूस जड आहे. पण दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, ज्याला आपण रीच म्हणतो, होम्सची ८१ इंच आणि टायसनची ७१. दहा इंच, म्हणजे एका हाताला साधारण पाच! शाळेतल्या अर्ध्या फूटपट्टीत एकच इंच जास्त असतो. ती अर्धी पट्टी समोर धरा आणि विचार करा, समोरचा तुम्हाला मारू शकतो आणि तुम्ही त्याच्यापासून अजून एवढे लांब आहात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, नाकातून कळलंय. कॉलेजात असताना सरांनी मला एका सहा फुटी पोरासमोर उभं केलं. पोरगा काही फार मारकुटा नव्हता. नुसता डावा हात पुढे करायचा, दाराला कडी घालावी तसा. हाच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. जॅब लागला की आधी दुखत नाही, आधी डोळ्यांत पाणी येतं. मग समोरचा धूसर दिसतो, आणि धूसर दिसतोय तोवर दुसरा जॅब येतो. सर कोपऱ्यातून ओरडत होते, "डोकं हलव, डोकं!" मी हलवत होतो हो. तीन राउंडमध्ये मी दोनदा त्याच्या पोटापर्यंत पोचलो आणि दोन्ही वेळा त्याने मला कडकडून मिठी मारली. घरी गेल्यावर आईने विचारलं, रडलास का.

होम्सचा जॅब हा त्या पोराच्या जॅबचा खापरपणजोबा. हेवीवेट इतिहासातला सगळ्यात चांगला जॅब कुणाचा, यावर वाद घालणारे भेटतील, पण पहिल्या तिघांत होम्स नाही असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. त्यात एक बारकावा आहे आणि या लढतीचं मर्म तिथेच आहे. तो डावा हात खाली, कमरेजवळ ठेवायचा. म्हणजे त्याचा जॅब खालून वर यायचा. टायसनचा बचाव त्याचा गुरू कस डी'मॅटोने शिकवलेला: दोन्ही मुठी गालाला, आणि कमरेपासून अंग सतत डावीकडे-उजवीकडे. सरळ डोक्याच्या रेषेत आलेला जॅब त्याच्या खांद्यावरून निघून जातो. पण वाकलेल्या माणसाला खालून येणारा हात चुकवणं अवघड, कारण तो वाकतोच त्या हाताकडे.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ग्रुपवाले मला सोलतील. डावा हात खाली म्हणजे डावा गाल उघडा. होम्सला आयुष्यभर याच भोकातून उजवे हात खावे लागले. सप्टेंबर १९७९मध्ये अर्नी शेव्हर्सने सातव्या राउंडमध्ये असा उजवा मारला की होम्स पाठीवर आडवा. १९८१मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही सातव्याच राउंडमध्ये पाडला. आणि १९८८च्या त्या चौथ्या राउंडमध्ये पहिल्यांदा पाडणारा टायसनचा ठोसा कुठला होता? उजवाच. म्हणजे होम्सचं सोनं आणि होम्सचं भोक एकाच हातात आहे.

मग मी होम्सच्या बाजूने का?

एक तर ती १९८८ची रात्र. होम्स ३८ वर्षांचा होता आणि २१ महिने रिंगमध्ये उतरलेला नव्हता. १९८६च्या एप्रिलमध्ये स्पिंक्सकडून दुसऱ्यांदा हरला, तोही वादग्रस्त निकालावर, आणि घरी बसला होता. तरीसुद्धा व्हिडिओ टाकणाऱ्यांनी चौथा राउंड सुरुवातीपासून बघावा ही विनंती. तो पायांच्या चवड्यांवर येतो, फिरतो, जॅब टाकतो, आणि थोडा वेळ टायसन नुसता त्याच्या मागे मागे फिरतोय. ३८व्या वर्षी, गंज चढलेल्या अंगाने. मग तो उजवा आला आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. रेफरीने थांबवलं तेव्हा राउंड संपायला पाच सेकंद उरले होते.

हा टायसनचा मोठेपणा आहेच. होम्सच्या ७५ लढतींच्या आयुष्यात त्याला वेळेआधी थांबवणारा माणूस एकच, माइक टायसन. ४२व्या वर्षी होम्सने तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला हरवलं, त्याच वर्षी होलीफिल्डसमोर १२ राउंड उभा राहिला, पण नंतर कुणाला त्याला थांबवता आलं नाही. हे मी नाकारत नाही. पण ३८च्या माणसाला पाडलं म्हणून ३२च्यालाही पाडशील आणि तो उठणार नाही, ही उडी मला मारवत नाही.

आणि कृपा करून ते 'अ ने ब ला हरवलं' सुरू करू नका. स्पिंक्सने होम्सला दोनदा हरवलं, टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत, म्हणून टायसन भारी. ट्रेव्हर बर्बिकला होम्स १५ राउंड खेळवत बसला, टायसनने दोन राउंडमध्ये संपवलं, म्हणून टायसन भारी. गणिताच्या पेपरात ठीक आहे हे. रिंगमध्ये कुणाची उंची, कुणाचा हात, कुणाचं भय कुठे बसतं, हे बघावं लागतं. स्पिंक्स त्या रात्री घंटा वाजायच्या आधीच हरला होता. होम्स घाबरून हरणाऱ्यातला नाही. त्याला हरवायचं तर मारूनच हरवावं लागतं.

(यंत्रावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: मुहम्मद अली आणि जुना जगज्जेता रॉकी मार्सियानो यांची लढत कॉम्प्युटरला विचारून १९६९मध्ये चित्रित केली होती. दोघं खरोखर रिंगमध्ये उतरून लुटुपुटीचे राउंड खेळले, मार्सियानोने तर केसांचा टोप घातला होता. अमेरिकेत दाखवलं तेव्हा मार्सियानोने तेराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. बिचारा मार्सियानो ते बघायलाही राहिला नाही, चित्रीकरण संपून काही आठवडे होतात न होतात तोच विमान अपघातात गेला.)

दुसरी गोष्ट, टायसनच्या लढती उत्तरार्धात बघा. सगळे नॉकआउटचे तुकडे बघतात, १२ राउंडवाल्या लढती बघायला कुणाला वेळ नाही. १९८७च्या मार्चमध्ये बोनक्रशर स्मिथने त्याला १२ राउंड मिठी मारून ठेवली. ऑगस्टमध्ये टोनी टकरने जॅब आणि पाय वापरून १२ राउंड काढले. टायसन दोन्ही जिंकला, आरामात जिंकला. पण सहाव्या-सातव्या राउंडनंतर त्याच्या चार-पाच ठोशांच्या माळा गळून पडतात आणि एकेक ठोसा सुरू होतो. डोकंही कमी हलतं. आणि टकर म्हणजे होम्स नव्हे.

१९९०ला टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला नॉकआउट केलं ते मी पुरावा म्हणून वापरणार नाही. रूनी गेलेला, तयारी शून्य, तो वेगळा टायसन होता. पण डग्लसने वापरलेली हत्यारं कुठली, तर लांब जॅब, त्यामागून उजवा, आणि जवळ आला की धरणे. म्हणजे कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं ते कळलं, एवढंच.

तिसरी गोष्ट कोपऱ्यातली. कूनीच्या लढतीला होम्सच्या कोपऱ्यात एडी फच होता. फच म्हणजे जो फ्रेझरच्याही प्रशिक्षकांपैकी एक. फ्रेझर, तोच तो वाकत, झुलत, डावा हुक (वाकड्या हाताने बाजूने येणारा ठोसा) मारत आत घुसणारा. अशा माणसाला काय आवडतं आणि काय नको असतं, हे जगात फचइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवाय होम्सने स्वतः तरुणपणी फ्रेझरबरोबर सराव केलेला, अलीबरोबर तर वर्षानुवर्षं. त्याला टायसन नवीन वाटणार नाही.

तर माझा अंदाज. टायसनला सवलत म्हणून १२च राउंड ठेवू, होम्सच्या काळातले १५ नकोत. पहिले दोन राउंड टायसनचे, होम्स सारखा धरतोय, प्रेक्षक शिट्ट्या मारतायत. तिसऱ्यात त्या भोकातून उजवा येणार आणि होम्स खाली जाणार. जाणारच, मी त्यात लाज बाळगत नाही. उठतो, रोप्सला टेकून राउंड काढतो. चौथ्यापासून जॅब मोजायला लागा. सहाव्यात टायसनचा डावा डोळा सुजलेला. आठव्यात एकदा टायसन आत शिरून बरगडीवर जोरात मारतो, तो राउंड त्याचा. नवव्यापासून पुढे एकेकच ठोसा, आणि त्याआधी प्रत्येक वेळी नाकावर दोन जॅब. पॉइंट्सवर होम्स, ११५-११२. टायसन शेवटपर्यंत उभा.

आता कमेंटमध्ये "शेव्हर्सने तर पाडलं होतं ना" हे येणार, मला माहीत आहे. या, जरूर या. फक्त तो सातवा राउंड तो पडतो तिथे थांबवू नका. पुढे चालू ठेवा, अकराव्यापर्यंत.