आयसीयूतले ‘सुपरबग’ : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘ज्याने कधी अँटिबायोटिक घेतली नाही, त्याला आयसीयूतल्या सुपरबगचा धोका नाही, हे जंतू एसीच्या हवेतून येतात,’ असा मेसेज फिरतो आहे. सुपरबग म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू. मेसेजमधली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

औषधाला दाद न देण्याची ताकद जंतूंमध्ये येते, माणसाच्या शरीरात नाही. असा तयार जंतू शेजारच्या खाटेवरून कुणाकडेही जाऊ शकतो. अँटिबायोटिक आधी घेतलेल्याला धोका जास्त, एवढं खरं.

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या रुग्णालयात 2011 मध्ये काय झालं ते पाहा. कार्बापेनेम या ताकदवान अँटिबायोटिकला न जुमानणारा क्लेब्सिएला हा जंतू असलेली एक रुग्ण जूनमध्ये दाखल झाली. तिला वेगळं ठेवलं, पूर्ण काळजी घेतली. ती घरी गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला. अखेर 18 जणांना लागण झाली. 11 दगावले, त्यातले 6 या संसर्गामुळे. जंतूंचा जनुकीय क्रम तपासल्यावर सगळी साखळी त्या पहिल्या रुग्णाशी जुळली. मधल्या काळात लक्षणं नसलेल्या रुग्णांच्या आतड्यांत जंतू गुपचूप राहिला होता. सिंकच्या नाल्यांत आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तो सापडला.

क्लेब्सिएला मुख्यतः हात, नळ्या, उपकरणं आणि ओल्या जागांमधून पसरतो. त्यामुळे भेटायला जाताना नुसत्या मास्कवर विसंबू नका. आत शिरताना आणि बाहेर पडताना हात धुवा, रुग्णाच्या नळ्यांना हात लावू नका. आणि घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुणालाही देऊ नका.