लिनक्स म्हणे फक्त प्रोग्रामरसाठी!

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकू का, असं कुणी विचारलं की एक फॉरवर्ड हमखास येतो: 'सतत कमांड टाइप कराव्या लागतात, प्रिंटर चालत नाही, वर्डच्या फाइल्स उघडत नाहीत. सामान्य माणसाने नादी लागू नये.'

कमांडचं आधी घेऊ. लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकारात सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं. अपडेटही माउसनेच होतात. मग हा बागुलबुवा आला कुठून? नेटवर मदत मागितली की लोक कमांडच देतात, कारण दहा स्क्रीनशॉट चिकटवण्यापेक्षा एक ओळ देणं त्यांना सोपं पडतं.

प्रिंटर? नवे नेटवर्क प्रिंटर बहुतेक वेळा वेगळं ड्रायव्हर सॉफ्टवेअर न टाकताच चालतात. जुने स्कॅनर, फिंगरप्रिंट रीडर, काही वायफाय चिप यांचा मात्र भरवसा नाही. पण ते आधी तपासता येतं. मिंट टाकलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉलला हात लावला नाही तर विंडोज आहे तसंच राहतं. वायफाय जोडा, गाणं लावा, एक पान छापा, झाकण मिटून पुन्हा उघडा. अर्ध्या तासात कळतं.

वर्डच्या फाइल्स लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. भीती असते मांडणी विस्कटण्याची. कॅलिब्री फॉन्ट नसला तर त्याच्या जागी कार्लिटो येतो. त्याची अक्षरं तेवढ्याच रुंदीची, म्हणून ओळी सहसा जिथल्या तिथे राहतात. मॅक्रोंनी, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामनी, भरलेल्या एक्सेल शीटचं तसं नाही. रोजचं काम तिच्यावर असेल, किंवा फोटोशॉपवर, तर खुशाल विंडोजवरच राहा. फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही.

म्हणजे फॉरवर्ड घाबरवतो भलत्यालाच. मेल, व्हिडिओ, बँक, ऑनलाइन फॉर्म हे सगळं ब्राउझरमध्ये उरकणाऱ्याचं फारसं काही अडत नाही. अडतं ते एकाच सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या जाणकाराचं.

खरी अडचण त्या फॉरवर्डमध्ये राहूनच गेली: इन्स्टॉल करणं. विंडोज आपण टाकत नाही, ते बहुधा मशीनसोबतच येतं. इथे बूटचा क्रम, म्हणजे मशीनने आधी डिस्कवरून सुरू व्हायचं की पेनड्राइव्हवरून ते, बदलावा लागतो, आणि डिस्क पुसण्याचा पर्याय न वाचता निवडला तर फोटोंसकट सगळं जातं. त्यामुळे आधी बॅकअप घ्या आणि त्या दिवसापुरतं कुणा माहितगाराला शेजारी बसवा.