पीसीएक्समधले तात्या

तात्यांच्या पंच्याहत्तरीला फ्लेक्स लावायचा आणि त्यावर लग्नातला फेट्याचा फोटो घ्यायचा, हे काकूंनी ठरवलं. "कॉम्प्युटरमधलं तुलाच कळतं," म्हणून काम माझ्या गळ्यात. मला कॉम्प्युटरमधलं एवढंच कळतं की अडला की बंद करून पुन्हा चालू करावा.

चुलतभावाने तो फोटो 1996 साली ऑफिसच्या स्कॅनरवर फुकटात स्कॅन करून घेतला होता आणि पुढे कधीतरी सीडीवर उतरवला होता. फाईलचं नाव 'तात्यालग', इंग्रजी आठ अक्षरांत. डॉस या जुन्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या काळात नावाला आठच अक्षरं मिळत, त्यामुळे लग्न पूर्ण होऊ शकलं नव्हतं. पुढे टिंब आणि पीसीएक्स. हे मला आधी कुठल्यातरी कुरिअर कंपनीचं नाव वाटलं; निघाला फोटो साठवायचा एक जुना फाईल-प्रकार.

सीडीला ओरखडा होता. कॉपी 98 टक्क्यांवर येऊन हटून बसली. शेवटी खराब डिस्कवरून ओढून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने आली तेवढी घेतली. दोन टक्क्यांनी काय फरक पडतो, अशा हिशोबाने. (बारावीलाही मी हाच हिशोब केला होता.)

मग फोटो उघडेना. मी पीसीएक्स खोडून जेपीजी लिहिलं. आडनाव बदललं की सासरची माणसं घरात घेतात, अशी माझी समजूत. विंडोजने ताकीद दिली, मी 'हो' म्हटलं, फोटो तरीही उघडला नाही. शेजारच्या मुलाने इरफानव्ह्यू हे फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. 1996 पासूनचं, घरगुती वापराला फुकट, आयकॉनवर चेपलेलं लाल मांजर. इरफानव्ह्यूने फाईल पाहताक्षणी सांगितलं की ही जेपीजी नसून पीसीएक्स आहे, नाव दुरुस्त करू का? म्हणजे फोटोची बहुतेक फाईल आपली ओळख पहिल्या काही बाइटांतच सांगते. बीएमपीच्या सुरुवातीला 'बीएम' असतं, जिफच्या सुरुवातीला 'जीआयएफ'. दारावरची पाटी बदलून आतलं बिऱ्हाड बदलत नाही.

फोटो उघडला आणि तात्या हिरवे निघाले. फेटा जांभळा. काकूंच्या चेहऱ्यावर निळे पट्टे.

"कावीळ झाली होती का तेव्हा?" मी विचारलं.

"कावीळ पिवळी असते," काकू म्हणाल्या. "आणि माझं काय?"

त्या मुलाने उलगडा केला. 256 रंगांच्या पीसीएक्समध्ये ठिपक्यांना फक्त नंबर असतात. कोणता नंबर म्हणजे कोणता रंग, ही यादी फाईलच्या अगदी शेवटी, शेवटच्या 769 बाइटांत ठेवलेली असते. आमचे ते दोन टक्के! त्यात तात्यांचे बूट गेले आणि जगातले सगळे रंग गेले. आता पीएनजी करा नाहीतर टिफ, हिरवे तात्या हिरवेच राहणार. आचाऱ्याने यादी हरवल्यावर डबा बदलून उपयोग काय?

तरी मी पीएनजी करून फ्लेक्सवाल्याला पाठवलं. रंगांबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याने बरेच उमेदवार छापलेले आहेत. "साहेब, हा 640 बाय 480 आहे. सहा फुटाला ताणला तर फाटणार. मूळ फोटो नाही का?"

मूळ फोटो! तो काकूंच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, साड्यांच्या फॉलखाली होता. तीन दिवस मी सीडीशी झटत होतो आणि काकू शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होत्या. "तू फोटो कुठे मागितलास? सीडी मागितलीस."

फोटो खिडकीपाशी धरून पुतण्याच्या आयफोनने टिपला. तात्या गोरे, फेटा केशरी, बूट शाबूत. "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, फाटतो, डॉक्युमेंट म्हणून टाका," असं फ्लेक्सवाल्याने बजावलं होतं, तसंच टाकलं. पाच मिनिटांत फोन.

"साहेब, हे एचईआयसी काय आहे? आमच्याकडे उघडत नाही. जेपीजी द्या."

मी फाईलवर जाऊन एचईआयसी खोडलं आणि जेपीजी लिहिलं.