बिचारी नव्हती ती

पांढऱ्या लग्नाच्या झग्यातली ती हाँगकाँगची गायिका, तिचा शेवटचा व्हिडिओ. दर काही महिन्यांनी कोणीतरी शेअर करतं आणि खाली रडक्या इमोजींची रांग लागते. काल एका ओळखीच्या बाईंनी लिहिलं, ‘बिचारीचं लग्नच झालं नाही हो.’ त्या ‘बिचारी’वरून ही पोस्ट.

तिचं नाव अनिता मुई. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिला नाव माहीत नसताना पाहिलंय. केबलवर लागणाऱ्या जॅकी चॅनच्या सिनेमांतल्या एकात, 1994 च्या ‘ड्रंकन मास्टर 2’ मध्ये, नवऱ्याच्या पाठीमागे जुगाराचा डाव मांडणारी जॅकीची सावत्र आई आठवते? तीच. खऱ्या आयुष्यात जॅकीपेक्षा 9 वर्षांनी लहान! मीही तिला कितीतरी वर्षं ‘ती हसवणारी आई’ एवढंच ओळखत होते. ती गाते हे कळलं खूप उशिरा, आणि मग महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही.

जन्म 1963 चा. वडील लवकर गेले, घरात चार भावंडं, आणि साडेचार वर्षांची असल्यापासून ही पोर गाऊन पैसे आणत होती. लाइ ची कोकच्या करमणूक बागेत लोक पाळण्यांत बसायला यायचे आणि ही नि हिची थोरली बहीण तिथल्या स्टेजवर गायच्या. पुढे रात्री क्लबात गाणं, सकाळी शाळा, आणि शाळेत ‘गाणारी’ म्हणून हेटाळणी. फडावरच्या पोरींचं बालपण ज्यांना माहीत आहे त्यांना मी आणखी काय सांगणार? गाऊन गाऊन गळ्यात गाठी झाल्या, डॉक्टरांनी गाणं बंद करायला लावलं, आणि आवाज परत आला तो खाली उतरून, जाड होऊन. पुढे अख्खं हाँगकाँग वेडं झालं ते त्याच आवाजावर.

1982 मध्ये ‘नवोदित’ गायकांची मोठी स्पर्धा पहिल्यांदाच झाली आणि ती अठराव्या वर्षी जिंकली. नवोदित म्हणे! चौदा वर्षं स्टेजवर काढलेली मुलगी.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यासाठी मी हाँगकाँगच्या भाषेचे, कँटोनीजचे, दोन-चार धडेही गिरवले (फारसं जमलं नाही). त्या काळातल्या कितीतरी कँटोनीज गाण्यांच्या चाली जपानी असायच्या. आपल्याकडे जुन्या चिजांवर नाटकाची पदं बांधायचे, तसंच. पण कँटोनीजमध्ये साध्या बोलण्यातच सहा स्वर. एकच अक्षर वर म्हटलं तर एक अर्थ, खाली म्हटलं तर दुसराच. म्हणजे चाल जिथे चढते तिथे शब्दही चढताच हवा. झग्यातल्या व्हिडिओत ती गाते ते मावळतीचं गाणंही जपानी चालीवरचं. 1989 मध्ये त्याच चालीवर दुसऱ्या गायिकेचं, प्रिसिला चॅनचं, वेगळ्या शब्दांचं गाणं आलं आणि तेही तुफान चाललं. दोन्ही पाठोपाठ ऐका. प्रिसिला निरोप देते. अनिता थकून घरी आल्यासारखी गाते, तेही मूळ रेकॉर्डवर, विशीत असताना.

1985 मध्ये तिने ‘वाईट मुलगी’ म्हणवणारं गाणं गायलं. पुढे चीनमध्ये ते म्हणायला मनाई होती. 1995 मध्ये ग्वांगचौच्या शेवटच्या प्रयोगात बाईंनी ते म्हटलंच. अधिकारी भडकले.

अभिनयाचं म्हणाल तर ‘रूज’ बघा. 1930 च्या दशकातल्या गणिकेचं भूत पन्नासेक वर्षांनी प्रियकराला शोधत येतं आणि येतं कुठे, तर वर्तमानपत्राच्या कचेरीत, छोटी जाहिरात द्यायला. भूत असून अनिता कुठेही भिववत नाही. पत्ता चुकलेल्या पाहुणीसारखी अदबीने उभी राहते.

2000 मध्ये सोबत गाणारी ती थोरली बहीण गेली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने. 2003 च्या एप्रिलमध्ये ‘रूज’मधला तिचा नायक आणि जिवाभावाचा मित्र लेस्ली च्युंग गेला. शहरात सार्सची साथ. तिने मे महिन्यात कलावंत गोळा करून मदतीसाठी मोठा कार्यक्रम उभा केला. सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की बहिणीचाच आजार आपल्यालाही झालाय. आणि नोव्हेंबरमध्ये हाँगकाँग कोलिझियममध्ये आठ प्रयोग लावले. आठ!

मृत्युपत्रातही हिशोब चोख. आईच्या हाती सगळी इस्टेट एकदम न देता ट्रस्टमधून दरमहा 70 हजार हाँगकाँग डॉलर. आई कोर्टात गेली, वर्षानुवर्षं भांडली, 2011 मध्ये शेवटच्या कोर्टातही हरली. साडेचार वर्षांची असल्यापासून घर चालवणाऱ्या बाईला घरातला पैसा कुठे जातो ते ठाऊक नसेल?

झगा तिनेच निवडला होता, मान्य. लग्नाची संधी हुकल्याची खंतही तिने त्याच स्टेजवर बोलून दाखवली. ती खरीच असणार. पण 15 नोव्हेंबरला आठवा प्रयोग संपला आणि 30 डिसेंबरला ती गेली, चाळिसाव्या वर्षी. म्हणजे त्या व्हिडिओत तिच्याकडे जेमतेम सहा आठवडे उरलेत. गाणं संपवून, तो लांबलचक पदर ओढत ती पायऱ्या चढते, वर पोचल्यावर वळते आणि ‘बाय बाय’ म्हणते. एवढंच.