मिरगाच्या आधी रबर

स्लॅबचं घर बांधलं की गळतीचा प्रश्न मिटला, या समजुतीवर कोकणातल्या अख्ख्या पिढीने कौलं उतरवली. कौलारू घर गळायचं, पण सरळ गळायचं. वर कौल फुटलं की खाली त्याच रेषेत पातेलं ठेवायचं आणि पुढच्या मे महिन्यात घर शाकारून घ्यायचं. स्लॅबला असली सरळ वागणूक ठाऊक नाही. तो गळतो पंख्याच्या हुकातून, आणि पाणी शिरलेलं असतं पश्चिमेकडच्या पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यातून. मधला दहा-पंधरा फुटांचा प्रवास ते विजेच्या पाइपातून करतं. स्लॅब ओतताना आपणच तो पाइप सळ्यांमध्ये टाकलेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस खालच्या डागाच्या बरोबर वर गच्चीवर रंगाचा एक चौकोन मारतो. पुढच्या वर्षी दुसरा चौकोन. पाणी या चौकोनांना वळसा घालून आपल्या जुन्या रस्त्याने बैठकीत येतं.

मग गच्चीला ‘रबर मारायचं’ ठरतं. बाजारात रबर म्हणतात, पण बादलीत असतं ते पाण्यात कालवलेलं अ‍ॅक्रिलिक. वाळल्यावर त्याचा ताणला जाणारा पापुद्रा होतो. मेच्या उन्हात स्लॅब प्रसरण पावतो, वळवाची सर आली की आकसतो, आणि त्याच्याबरोबर हलेल असं काहीतरी वर हवं, एवढाच या रबराचा धर्म. काही वर्षं उन्हात काढली की हा पापुद्रा कडक होतो, हात फिरवला की पांढरी पूड लागते, मग कोपऱ्यात सुटतो. म्हणजे पुन्हा मारायची वेळ झाली.

वेळ खरं तर फेब्रुवारी-मार्चची. स्लॅब आतून वाळलेला असतो, ऊन अजून माणसात असतं. पण फेब्रुवारीत गळतीची आठवण कोणाला होते? आठवण होते एप्रिल संपताना, आणि तोवर गच्चीचं बुकिंग झालेलं असतं. आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं, सांडगे, मिरच्या, आणि एका कोपऱ्यात शेजारच्या काकूंचे कुळीथ, कारण त्यांच्या गच्चीवर त्यांची आमसुलं आहेत. गच्ची कधी मोकळी मिळेल असं विचारलं तर उत्तर येतं, ‘पुटं झाली की.’ यावर वाद घालू नये. घरातली बाई रातांब्याच्या सालींना आगळाचं, म्हणजे त्याच्याच खारवलेल्या रसाचं, एकेक पूट देते, ते पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही, आणि ऊन नसेल तर सरळ थांबते. रबर मारणाऱ्याला एवढं जमलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता.

त्याचं म्हणणं एकच, ‘मिरगाच्या आधी करून देतंय.’ मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, सात-आठ जूनचा. पण पाऊस पंचांग वाचून येत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडात होता आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. मिरगाच्या भरवशावर बादल्या आणून ठेवणाऱ्यांच्या बादल्या त्या वर्षी पोटमाळ्यावर गेल्या. उघडलेली बादली वर्षभर ठेवली तर वरती साय धरते आणि खाली दही बसतं. ती पुढच्या वर्षी काठीने ढवळून वापरणारे महाभाग आहेत, हेही इथेच सांगून टाकतो.

आता हिशेब. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला तर ओला थर बरोबर १ मिलिमीटरचा होतो, याला कुठलंही माहितीपत्रक लागत नाही. बादल्यांवर साधारणपणे दोन हातांना मिळून लिटरमागे २० ते २५ चौरस फूट असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्या गच्चीला ४० ते ५० लिटर. त्याचा ओला थर जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यातलं पाणी उडून गेल्यावर मागे उरतो सुमारे पाव मिलिमीटर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घ्यायला पाव मिलिमीटर! इतकं पातळ कवच घातलेला माणूस खरं तर काटकसर करणार नाही. पण कामगार २० लिटरची एकच बादली आणतो आणि बाकीचं विहिरीतून भरून काढतो. गच्ची पांढरीशुभ्र दिसते, पैसे दिले जातात, आणि वर थर उरतो एक दशांश मिलिमीटरचा. पहिला हात पातळ करायचा असतो हे खरं, तो स्लॅबच्या छिद्रांत मुरला पाहिजे म्हणून, आणि किती पातळ ते बादलीवर छापलेलं असतं. पुढच्या हातांत पाणी नाही. माल आपण विकत घ्यावा आणि रिकाम्या बादल्या संध्याकाळी मोजाव्यात. चहा देताना मोजल्या की वाईटपणाही येत नाही.

पण खरं सांगायचं तर रंग हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि दुर्दैवाने दुकानात तेवढाच विकत मिळतो. बाकीचं काम गुडघ्यांवर बसून करायचं असतं.

पहिलं, काळा थर. पावसातलं हिरवं शेवाळ मेपर्यंत काळं आणि कोरडं होऊन सिमेंटला असं चिकटतं की तो सिमेंटचाच रंग वाटावा. त्यावर रबर मारलं तर ते शेवाळाला चिकटतं, स्लॅबला नाही. बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर कालवून ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, तारेच्या ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. ‘लवकर निघेल’ म्हणून त्यात संडासाचं अ‍ॅसिड ओतणारा सल्लागार प्रत्येक वाडीत असतो. त्याला जिन्यावरच अडवावं. या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. समुद्रावरच्या घरांना आणखी एक धुणं लागतं. खारा वारा गच्चीवर मिठाचा न दिसणारा हात मारून जातो, आणि मिठावर कुठलंच रबर धरत नाही. गोड्या पाण्याने धुवायचं आणि वाळलं की लगेच कामाला लागायचं, कारण वारा आपला हात रोज मारतो.

दुसरं, जुना थर. कटरने फुलीसारखी चीर मारायची, वर खोक्याची चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पापुद्रा पट्टीबरोबर आला तर पट्टी-खरवडणीने सगळा काढा. ज्या जुन्याला स्लॅब धरून ठेवता येत नाही, त्याच्या पाठीवर नवं बसवून काय साधणार?

तिसरं, आतली ओल. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम आलेला दिसला तर अजून थांबायचं. ओल्या स्लॅबवर मारलेलं रबर पहिल्या कडक उन्हात पुरीसारखं टम्म फुगतं. मुलांना ते फुगे पायाने फोडायला फार आवडतात.

भेगांचं थोडक्यात. केसासारखी भेग कोटिंग झाकतं. नख अडकलं तर ती छिन्नीने इंग्रजी ‘व्ही’सारखी उघडायची, धूळ फुंकून काढायची, पॉलियुरेथेन सीलंट भरायचं आणि पहिला हात ओला असतानाच वर फायबरच्या जाळीची पट्टी दाबायची. खालून पोपडे पडून गंजलेली सळी दिसत असेल तर मात्र वरून काहीही मारू नका. सळी गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते, खारी वाळू वापरली असेल तर लवकरच. ते काम इंजिनिअरचं.

आणि आता पॅरापेट, ज्याच्याविषयी माझं मत पूर्वग्रहदूषित आहे. कोकणातल्या निम्म्या गळत्या स्लॅबच्या नसतातच, त्या पॅरापेटच्या असतात, असं मी छातीठोक म्हणतो. पॅरापेट जांभ्या चिऱ्याचं. चिरा भोकाभोकांचा, पाणी पिणारा. श्रावणात नैर्ऋत्येचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो आणि पॅरापेटवर आपटतो. गच्चीवर हजारो रुपये ओतलेले असतात आणि पॅरापेटचा माथा उघडा! माथ्याचं प्लास्टर चिरलेलं, त्यातून पाणी चिऱ्यात, चिऱ्यातून खाली स्लॅबच्या सांध्यात, आणि आतल्या भिंतीला लोणा. म्हणून माथ्याला आतल्या बाजूला उतार द्यावा, माथ्यावरही कोटिंग यावं, आणि आतल्या अंगाने निदान फूटभर चढावं. पॅरापेट आणि स्लॅब यांच्या काटकोनात वाटा मारून घ्यावा, म्हणजे पॉलिमर घातलेल्या मसाल्याची दोन-तीन इंचांची गोलाई. काटकोनात रबर ताणलं जाऊन तिथेच फाटतं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे भोकं. सोलरचे बोल्ट, टाकीचा स्टँड, आणि डिशवाला, जो कोटिंग झाल्यावर आठवड्याने येऊन तुमच्याच हातचा चहा घेऊन चार भोकं पाडतो. अमेरिकेत चाकांवरच्या अनेक घरांच्या छतावर रबराची अखंड चादर असते. तिथेही पाणी बहुधा चादरीतून शिरत नाही, पंख्याच्या आणि पाइपाच्या कडेने शिरतं. पाणी कुठल्याही देशाचं असलं तरी आळशी असतं, तयार रस्ता शोधतं.

पन्हाळीचं तोंड विसरू नका. दर वर्षी त्याच्याभोवती एक थर चढतो, आणि काही वर्षांत तोंडाभोवती छानसा बांध होतो. पाणी गच्चीवर थबकतं, आणि अ‍ॅक्रिलिकला साचलेलं पाणी मानवत नाही, ते मऊ पडतं. तोंड खरवडून खोलगट करा, कोटिंग पाइपाच्या आत दोन इंच जाऊ द्या, वर जाळी बसवा. उतार दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. आंब्याची पानं, बदामाची फळं, कावळ्याने आणलेलं हाडूक, हे सगळं त्या तोंडापाशीच जमणार हे गृहीत धरा. ‘नाहीतर वर पत्रे टाक’ असं शेजारी म्हणतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या पट्ट्यात पत्रे कुठे कुठे गेले, ते त्यांना एकदा विचारावं.

मारायचं सकाळी, दव सुकल्यावर, किंवा चारनंतर. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर वरचा थर आधी धरतो आणि आतली वाफ बुडबुडे काढते. पहिला हात पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर, मध्ये चार-सहा तास. सुरुवात जिन्यापासून लांबच्या कोपऱ्यातून. उलट केलं तर माणूस गच्चीच्या मधोमध अडकतो आणि खालची मंडळी त्याला भाकरी दोरीने पाठवतात.

शेवटी परीक्षा. नियम असा की आठवडाभर वाळल्यावर दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवायचं. हजार चौरस फुटांना त्यासाठी साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना ते मागायला घरात तोंड उघडणं शौर्याचं काम आहे. त्यावर तोड म्हणजे संशयाच्या कोपऱ्यात मातीचा बांध घालून पाच फूट बाय पाच फुटांचं तळं करावं. सुमारे १२० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या आठ बादल्या. पाण्याच्या काठावर खडूने खूण करा. सकाळी पाणी चार-पाच मिलिमीटर उतरलेलं दिसलं तर ते उन्हावाऱ्याने नेलेलं असतं, घाबरू नका. खाली कोणाला तरी बॅटरी देऊन पंख्याच्या हुकाकडे बघत उभं करा. हुक कोरडा असेल तर बांध फोडा, पाणी माडाला घाला, आणि काकूंना कुळीथ परत वर आणायला सांगा. डिशवाल्याचा फोन आला तर उचलू नका.